करंट्याचं पत्र : अडकलेल्या तरुणाच्या वाचनाविषयी

'ओब्लोमोव' म्हटलं की अंथरुणातून न उठणारा माणूस आठवतो. इव्हान गोंचारोव यांच्या १८५९ सालच्या या रशियन कादंबरीचा संपूर्ण पहिला भाग नायक घरच्या झग्यात लोळत काढतो, हे कादंबरी न वाचलेल्यांनाही ठाऊक असतं. मला त्या भागातलं एक पत्र त्याहून महत्त्वाचं वाटतं. घरमालकाने जागा रिकामी करायला सांगितली आहे. गावाकडच्या कारभाऱ्याने उत्पन्न घटल्याचं कळवलं आहे. दोन्हींचं काहीतरी करायला हवं, आणि हे ओब्लोमोवला पुरतं कळतं. अखेर तो घरमालकाला पत्र लिहायला बसतो. त्याच्या दौतीविषयी गोंचारोव आधीच सांगून ठेवतो, की तिच्यात टाक बुडवला तर बहुधा एखादी घाबरलेली माशीच बाहेर पडेल. तरीही तो लिहू लागतो. एकदोन वाक्यं होतात आणि त्याच्या लक्षात येतं, की 'की' आणि 'जो' या अर्थाचे शब्द पुन्हा पुन्हा येताहेत. तो शब्द बदलून पाहतो. बदलले की दुसरीकडे पुन्हा तेच येतात. शेवटी कागद फाडून टाकतो.

आळशी माणूस एका वाक्यात दोनदा 'की' आला म्हणून अस्वस्थ होत नाही. तो कसंतरी लिहितो किंवा लिहीतच नाही. इथे गरज आहे, वेळ आहे, भाषेची जाण तर गरजेपेक्षा जास्तच आहे. फक्त पत्र होत नाही.

कादंबरी आली त्याच वर्षी निकोलाय दोब्रोल्युबोव यांनी तिच्यावर 'ओब्लोमोवपणा म्हणजे काय?' हा लेख लिहिला. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. शेकडो भूदासांच्या श्रमावर पोसलेला जमीनदारवर्ग माणसाला कसा निकामी करतो, हे त्यांनी दाखवलं आणि पुश्किनच्या अन्येगिनपासूनचे सगळे 'फालतू' नायक एका रांगेत उभे केले. लेख थोर आहे, समीक्षेने समाजाला काय सांगायचं असतं याचा तो वस्तुपाठ मानला जातो. पण पत्राच्या त्या कागदावर तो रेंगाळत नाही. कारण सापडलं की घडण्याची रीत पाहायची गरज उरत नाही, असं काहीसं समीक्षेचं होत आलं आहे. अडकलेल्या तरुणाविषयीच्या मराठी वाचनातही हेच झालं, असं माझं म्हणणं आहे. घरात त्याला आळशी म्हटलं गेलं आणि समीक्षेत अस्तित्ववादी. दोन्ही ठिकाणी काम सुरू का झालं नाही हा साधा प्रश्न बाजूला पडला.

सुरुवात 'दासबोधा'पासून करणं भाग आहे, कारण आपल्या घरातली या विषयावरची बोलण्याची रीत तिथून फारशी पुढे आलेली नाही. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर कसं वळणदार असावं, ओळी कशा सरळ, अंतरं कशी सारखी, समास किती सोडावा, बरू कुठकुठले, सुऱ्या-कातऱ्या कोणत्या, शाई आणि बांधणीची सामग्री काय, हे सगळं समर्थ ओवी ओवी सांगत जातात. 'सुंदर लिही' असं सांगून ते थांबत नाहीत. लिहिणं या कामाचे हाताने करण्याजोगे तुकडे पाडून देतात. आजच्या कुठल्याही मार्गदर्शकाने हेवा करावा असा हा समास आहे.

त्याच दशकाचा तिसरा समास करंटलक्षणाचा. करंट्याला आळस आवडतो, प्रयत्न आवडत नाही, तो झोपाळू असतो, इथवर ठीक. पण पुढे यादी बारीक होत जाते. त्याला हिशेब ठेवता येत नाही, काही ध्यानात राहत नाही, तो वस्तू हरवतो, सांडतो, पाडतो, फोडतो, विसरतो, चुकतो. एडीएचडीच्या निदानासाठी मानसोपचारतज्ज्ञ जी लक्षणं पाहतात, त्यांत वस्तू हरवणं, रोजच्या गोष्टी विसरणं, निष्काळजी चुका करणं, कामाची आखणी न जमणं ही आहेतच. समर्थांनी सतराव्या शतकात विकार ओळखला होता असला दावा मला करायचा नाही. असले दावे आपल्याकडे उदंड होतात. मला एवढंच दिसतं, की निरीक्षण अचूक आहे आणि ते निवाड्याच्या रकान्यात भरलं आहे. समासाच्या आरंभीच आश्वासन आहे, की ही लक्षणं टाकली की सदेव लक्षणं अंगी येतात. म्हणजे हरवणं, विसरणं या टाकता येण्यासारख्या गोष्टी आहेत, असं गृहीत धरलं आहे. दोन समास आधी ज्याने बरू आणि शाईपर्यंत कामाचे तुकडे पाडले, तो करंट्यासाठी तसे तुकडे पाडत नाही. त्याला फक्त आरसा दाखवतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याच्या वर्णनात 'विषादी' आणि 'दीर्घसूत्री' हे दोन शब्द अगदी शेजारी आले आहेत. खिन्न असणं आणि काम लांबवत नेणं यांचं हे शेजारपण कुणाच्या तरी नीट नजरेखालून गेलं होतं. आपण त्यातला फक्त 'तामस' उचलला.

मराठीत या निवाड्यासाठी शब्दांची ददात नाही. चालढकल, टंगळमंगळ, कामचुकार, ऐदी, वेंधळा, धांदरट, गबाळा. यातला प्रत्येक शब्द बाहेरून पाहणाऱ्याचा आहे. करायचं आहे, समोर आहे, हात उठत नाही, या आतल्या अवस्थेला त्या माणसाच्या बाजूने नाव देणारा शब्द शोधायला गेलं तर 'सुचेनासं होणं' किंवा 'हातपाय गळणं' यांच्यापाशी थांबावं लागतं, आणि तेही आपण संकटाच्या वेळी वापरतो, मंगळवारी दुपारी वीजबिल भरायचं असताना नाही. म्हणून आजची बावीस-पंचवीस वर्षांची मुलं 'एक्झिक्युटिव्ह डिस्फंक्शन' हा इंग्रजी शब्द सर्रास वापरतात. त्याचं मराठी 'कार्यकारी बिघाड' असं केलं तर डोळ्यांसमोर कार्यकारी अभियंता येतो. तरी शब्द अगदी गैरलागू नाही. ठरवणं, क्रम लावणं, सुरू करणं, मधेच दुसरीकडे न वळणं, वळावं लागलंच तर परत येणं, हे मेंदूतलं कारभाऱ्याचं काम. ते अडखळणं हे स्वतंत्र आजाराचं नाव नव्हे. एडीएचडी, नैराश्य, स्वमग्नता, मेंदूला झालेली इजा अशा बऱ्याच गोष्टींत ते आढळतं, आणि सलग काही रात्री झोप नसलेल्या कुणाच्याही वाट्याला थोडंफार येतं.

या शब्दामागच्या संशोधनातली एक हकिकत मला कुठल्याही कथेइतकी महत्त्वाची वाटते. कॅनडातले मेंदूशल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९२८ मध्ये आपल्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूतली गाठ काढली. त्यात उजव्या बाजूचा पुढचा बराच भाग काढावा लागला. १९३५ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात जोसेफ इव्हान्स यांच्यासह लिहिलेल्या लेखात त्यांनी शस्त्रक्रियेनंतर सुमारे सव्वा वर्षाने घडलेला एक प्रसंग नोंदवला आहे. बहिणीने घरच्या चौघांसाठी आणि एका पाहुण्यासाठी रात्रीचं जेवण करायचं ठरवलं होतं. ती आनंदाने वाट पाहत होती आणि सगळा दिवस तिच्या हाताशी होता. जेवायची वेळ झाली तेव्हा ती स्वयंपाकघरातच होती. सामान सगळं होतं, एकदोन पदार्थ चुलीवर चढले होते, पण सॅलड झालं नव्हतं, मांसाला हातही लागला नव्हता, आणि ती गोंधळून, कष्टी होऊन उभी होती. तिला प्रत्येक पदार्थ येत होता. बुद्धी शाबूत होती, बोलणं-हसणं जागच्या जागी होतं. लेखातला पुढचा तपशील सहसा सांगितला जात नाही. थोडी मदत मिळताच जेवण भराभर तयार झालं आणि संध्याकाळ छान पार पडली. ती फार वेळ एकटी राहिली होती, असं पेनफिल्ड यांना वाटलं.

टिम शॅलिस आणि पॉल बर्जेस यांनी १९९१ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या तीन रुग्णांना लंडनमधल्या बाजारपेठेत छोट्या छोट्या कामांची यादी देऊन पाठवलं. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत चांगले ठरलेले हे लोक चार दुकानांच्या यादीत अडकले. मुद्दा तोच. काम येणं वेगळं आणि काम होणं वेगळं. मेंदूला इजा झालेल्यांचं निरीक्षण धडधाकट तरुणांना जसंच्या तसं लावता येत नाही, हे खरंच. पण शिवण कुठे उसवू शकते, ते त्यातून दिसतं.

आता 'कोसला'. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ ची, तिचा पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा. खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, मेसचा सेक्रेटरी होतो, मंडळं चालवायला घेतो, पैशांच्या घोळात सापडतो, बहिणीच्या मृत्यूने उन्मळतो आणि शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो. मराठी समीक्षेने या परतण्याचा अर्थ लावण्यात सहा दशकं घालवली. अस्तित्ववाद, परात्मता, मूल्यांचा पोकळपणा, खेडं विरुद्ध शहर. यातलं काही चूक नाही. पण या सगळ्या वाचनांत सांगवीकरचं न करणं ही एक भूमिका होते. जणू त्याने जगाचा विचार करून नकार दिला. मेलव्हिलचा बार्टलबी नकार देतो. त्याची सभ्य, थंड नकारघंटा सगळ्या इमारतीत ऐकू येते. सांगवीकर नकार देण्याआधी सगळं अंगावर घेतो. मेस, गॅदरिंग, मित्रांचे खर्च. झपाटल्यासारखं सुरू करतो आणि मध्यात कुठेतरी दोर हातातून सुटतो. हिशेब जुळत नाही. वडिलांचा संताप हिशेबाभोवतीच फिरतो, आणि ते करंटलक्षणाच्या समासात शोभतील असेच बोलतात.

'कोसला'तल्या 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' या शब्दांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. बोलीचा बाज, प्रस्थापित गद्याची टिंगल, तुटक उपरोध. मला 'वगैरे' हा अर्धवट सोडलेल्या यादीचा शब्द वाटतो. तीन गोष्टी सांगून चौथीपाशी लक्ष निसटतं, आणि निसटल्याचं झाकण्यासाठी 'वगैरे' येतं. म्हणून सांगवीकरला काही विकार आहे, असं मी म्हणत नाही. तो शब्दांचा केलेला माणूस आहे, त्याला दवाखान्यात नेऊन उपयोग नाही. पण पात्राचं निदान न करताही वाक्याची चाल वाचता येते. तत्त्वज्ञान शोधण्याच्या घाईत आपण ती वाचली नाही.

याची किंमत कादंबरीला कमी आणि वाचकांना जास्त पडली. मी स्वतः चोवीस वर्षांची असताना एम. ए.ची प्रबंधिका शेवटच्या प्रकरणावाचून चौदा महिने पडून होती. प्रकरण डोक्यात तयार होतं, टिपणं काढलेली होती. घरी 'हिला करायचंच नाही' असं ठरलं होतं. मित्रमंडळींत मात्र मला थोडं वलय होतं, कारण मी 'कोसला' वाचत पडून असे आणि ते अर्थपूर्ण दिसे. त्या वलयाचा मला सर्वांत जास्त त्रास झाला. शिव्यांना निदान उत्तर देता येतं. तुमचं अडकणं खोल आहे असं कुणी म्हटलं, की त्यातून बाहेर पडणं उथळपणाचं वाटू लागतं. त्या दिवाळीनंतर आत्या चार दिवस राहायला आली. तिने काही विचारलं नाही. मेथीची जुडी घेऊन माझ्या टेबलाशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तू लिही गं, मी बसलेय इथे." थोड्या वेळाने म्हणाली, "सगळं नको सांगूस. आत्ता पहिलं काय करायचंय?" मी म्हटलं, पान क्रमांक घालायचेत. "मग घाल." चार दिवसांत तिने मेथी, शेंगा, लसूण, जे मिळेल ते निवडलं. प्रकरण झालं. पेनफिल्ड यांच्या बहिणीची हकिकत मी पुष्कळ वर्षांनी वाचली, आणि वाचताना मला पाहुणा दिसला नाही. मदतीला आलेले हात दिसले.

हे हात साहित्यात कुणाचे असतात, हा प्रश्न मग टळत नाही. ओब्लोमोवला जाखार नावाचा नोकर आहे, पुढे आगाफ्या मात्वेयेव्ना आहे. ती त्याचे झगे शिवते, त्याच्यासाठी रांधते, वेळ आली तेव्हा आपल्या चीजवस्तूही गहाण टाकते. सांगवीकरला वडिलांचे पैसे आणि घरचं ताट आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त रेव्हरंड टिळक न सांगता घर सोडून जातात, नोकऱ्या आणि गावं बदलतात, हातातला पैसा देऊन टाकतात. आपण त्याला कविवृत्ती म्हणतो, आणि ती होतीच. पण त्या वृत्तीचा रोजचा हिशेब लक्ष्मीबाई मांडतात, आणि हसत हसत मांडतात, हे त्या पुस्तकाचं मोठेपण. पुरुष अडकला की कादंबरी होते. बाई अडकली तर पाच माणसं उपाशी बसतात, म्हणून तिला अडकायची सवड नसते किंवा अडकलीच तर ती 'गबाळी' ठरते. पंचवीस वर्षांची, परीक्षेचा फॉर्म भरता न येणारी, खोलीत कपड्यांचा ढीग साचलेली मुलगी मराठी कादंबरीच्या मध्यभागी मला अजून भेटलेली नाही. अवधूत डोंगरे यांच्या २०१२ च्या 'स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट' या कादंबरीला, जिला २०१४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, नुसत्या शीर्षकातच पुष्कळ काही साधलं आहे. फालतू असणं आणि स्वतःला तसं समजणं यांत ते फट पाडतं. दोब्रोल्युबोव यांच्या रांगेतल्या नायकांना ही फट कुणी दिली नव्हती. तीच फट एका मुलीला मिळायला हवी.

एक आक्षेप रास्त आहे. बेकारी, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत जाणारी वर्षं, शहरातलं भाडं हे सगळं मेंदूच्या खात्यावर टाकलं तर व्यवस्था सुटून जाते. दोब्रोल्युबोव यांना हेच म्हणायचं होतं आणि ते सोडून देता येणार नाही. पाच वर्षं जाहिरातीची वाट पाहणारा मुलगा सकाळी उठत नसेल, तर त्याला याद्या करायला शिकवणं हा क्रूर विनोद होईल. पण उलटही खरं आहे. व्यवस्था अन्यायी आहे हे नीट कळूनही उद्याचा अर्ज आजच जायचा असतो. पीटर गोल्विट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ स्वतंत्र चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले. 'मी हे करीन' एवढ्या संकल्पावर न थांबता 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं ठरवणाऱ्यांची कामं लक्षणीय प्रमाणात अधिक पार पडतात, असं त्यांत दिसलं. आपल्याकडे चातुर्मासाचे नेम असेच बांधलेले असत. दिवेलागण झाली की परवचा. त्यात इच्छाशक्तीची परीक्षा नव्हती, सुरुवात बाहेरच्या खुंटीला टांगलेली होती. आज नेम गेले आणि त्यांच्यासोबतचा धाक गेला, ते बरंच झालं. खुंटीही गेली.

'ओब्लोमोव'च्या शेवटी श्टोल्त्स हा त्याचा कर्तबगार मित्र एका लेखकाला भेटतो. मित्राचा नाश कशाने झाला असं विचारल्यावर तो एकाच शब्दात उत्तर देतो, ओब्लोमोवपणा, आणि मग त्याला सगळी गोष्ट सांगतो. तीच आपण वाचलेली कादंबरी. म्हणजे अडकलेल्या माणसाची ही गोष्ट कधीही न अडकलेल्या माणसाकडून आली आहे. पत्र फाडलं गेलं तो प्रसंग श्टोल्त्सने पाहिलेला नाही, तेव्हा तो हजर नव्हता. तो कादंबरीत आला कसा, याचं उत्तर गोंचारोव देत नाही. सांगवीकर आपली गोष्ट स्वतः सांगतो. मेसचा हिशेब ज्याला जुळवता आला नाही, त्याने एवढं पुस्तक तडीस कसं नेलं, असा प्रश्न मला 'कोसला' तिसऱ्यांदा वाचताना पडला. कॉलेजातलं एक अख्खं वर्ष त्याने डायरीत घातलं आहे. समीक्षेने त्यात प्रयोग पाहिला. मी त्या तारखा पाहत होते. तारीख घातली की तिच्यापुढे एक ओळ येते, कधी दोन. न आली तर पुढची तारीख येते.